आळसावरची गोळी

माणूस आजारी आहे की आळशी, हे ठरवायला आमच्या कर्जत-खालापूर भागात डॉक्टर कधीच लागला नाही. पुरुष निजून राहिला तर तो आजारी असायचा आणि सून निजून राहिली तर ती आळशी असायची. निदान घरच्या घरी उरकूनच मंडळी दवाखान्यात यायची. माझ्याकडे उरायचं ते फक्त बाटली भरून द्यायचं काम, आणि बाटलीतलं औषध लालच हवं असायचं.

संपादकांनी मला डॉक्टरी पेशातले गमतीदार अनुभव लिहायला सांगितले आहेत. इतकी वर्षं दवाखाना चालवला, पण स्वतःच्या दुखण्यात गंमत वाटलेला एकही पेशंट मला भेटला नाही. गंमत वाटते ती शेजाऱ्यांना. तरीही अंक फराळाबरोबर वाचला जाणार, म्हणून गळवं, जुलाब आणि विंचू बाजूला ठेवतो आणि एका गोळीची हकीकत सांगतो. आमच्याकडे ती आळसावरची गोळी म्हणून प्रसिद्ध पावली होती. तिचं खरं नाव थायरॉइड.

मी कर्जतला दवाखाना थाटला तेव्हा महायुद्ध चालू होतं. थाटला म्हणजे काय, स्टेशनाजवळ दोन खोल्या, एक बाक, एक पडदा आणि तीन रंगांची मिक्श्चरं. साखर रेशनवर, रॉकेल रेशनवर आणि औषधं मुंबईच्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर. "बोट लागली की पाठवतो," असं तो दर वेळी सांगायचा. त्याची बोट काही लागायची नाही आणि मी तीन रंगांवर दिवस ढकलायचो.

विलायती औषधांना तोटा नव्हता तो फक्त माथेरानला. मोसमात एखाद्या हॉटेलातून बोलावणं आलं की मी नेरळहून छोट्या गाडीनं वर जायचो. माथेरानला हवा खायला येणारी माणसं हवेशिवाय बरंच काही खातात. अशाच एका शेठाणीबाईंना पाहायला गेलो. बाई पलंगावर बसलेल्या, हातांना कंप, कपाळावर घाम, आणि नाडी मोजता मोजता माझीच दमछाक झाली. उशाशी गोळ्यांची बाटली होती. मुंबईच्या कुणा बड्या डॉक्टरनं वजन उतरायला थायरॉइड दिलं होतं.

वाचकांसाठी सांगतो. गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते. अंगातली चूल तिच्या जोरावर पेटते. भूक, ऊब, नाडी, डोक्याची चलाखी, सगळं तिच्याकडे. ती मंद झाली तर माणूस थंड पडतो आणि तिचा अर्क वरून दिला तर चूल पुन्हा पेटते. पण धडधाकट माणसाला दिला तर चूल भडकून आढ्याला लागायची वेळ येते. शेठाणीबाई चांगल्या धडधाकट होत्या. वजन उतरावं म्हणून सकाळी गोळी घ्यायच्या आणि गोळीनं भूक लागते म्हणून दुपारी बासुंदी.

मी गोळ्या बंद करायला सांगितल्या. मुंबईच्या डॉक्टरचं ऐकायचं की कर्जतच्या, हा प्रश्न बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता आणि उत्तरही दिसत होतं. तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, आपल्यात मांसाहार चालतो वाटतं?" बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मी म्हटलं, "मग ही गोळी कशी चालते? ही मेंढीच्या गळ्यातली गाठ आहे. वाळवून कुटलेली." यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाईंनी बाटली दूर लोटली आणि ती माझ्या डोळ्यांसमोर नको, घेऊन जा, असं फर्मावलं. मी नेली. त्या मोसमात मी आणखी दोघीजणींचा धर्म वाचवला आणि ऐन युद्धात माझ्या कपाटात थायरॉइडचा साठा झाला.

पुढे दिवाळी झाल्यावर एके दिवशी दवाखान्यापुढे बैलगाडी येऊन थांबली. कशेळ्याच्या अलीकडच्या एका गावातलं शेतकरी कुटुंब होतं. नवरा धर्मा, त्याची आई ठकूकाकी आणि त्याची बायको हौसा. गावाचं नाव लिहीत नाही, मंडळींची भावकी अजून तिथेच नांदते आहे.

"डागदर, हिला आळस झालाय," धर्मा म्हणाला.

"कधीपासून?"

"पोर झालं तवापासून. चार वर्सं झाली. पोर बी ऱ्हायलं नाय."

ठकूकाकीला एवढ्या थोडक्यात आटपणं मंजूर नव्हतं. "दिसभर चुलीपुढं बसती. चैताच्या उन्हात गोदडी घेती. हाक मारली तर आमी इसरून गेल्यावर ओ देती. चार हंडे पानी आनलं की भित धरून हुबी ऱ्हाती. आमच्या सात पिढ्यांत आसा आळस कोनाला झाला नाय."

हौसा बाकावर बसून होती. तिच्याबद्दल चाललेलं ती ऐकत होती की नाही, सांगता येत नव्हतं. चेहरा मेणासारखा, भुवया विरळ, ओठ पांढरे. पंचविशीच्या आतली बाई आणि आवाज म्हातारीचा.

मी तिला पडद्याआड नेणार तेवढ्यात धर्मानं मला बाहेर ओसरीवर बोलावलं. म्हणाला, "डागदर, तुमी जास्ती तकलीप नका घेऊ. ही बरी हुयाची नाय, एवडा एक शब्द तुमी आयशीपुढं बोला. शिळफाट्याला पोरगी बघून ठेवलीय. डागदरचा शब्द आसला म्हंजे गावात कोन नाव ठेवनार नाय."

माझ्याकडे पुष्कळ जण पुष्कळ गोष्टींसाठी आले, पण दुसरं लग्न प्रिस्क्रिप्शनवर मागणारा हाच पहिला. मी त्याला म्हटलं, "आधी हिला तपासतो. तुझं नंतर बघू." त्याला ते पसंत पडलं नाही. पण बैल सोडलेले होते आणि आई दवाखान्यातून हलायला तयार नव्हती.

हौसाला मी खोदून खोदून विचारलं. प्रत्येक उत्तर यायला वेळ लागायचा, पण यायचं ते नेमकं. बाळंतपणात रक्त थांबेचना. शुद्ध हरपली. जगली हेच नवल. बाळाला पाजायला घेतलं तर दुधाचा थेंब नाही. त्यानंतर महिन्याची पाळी आली नाही ती नाहीच. केस गळाले, थंडी सोसेना, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. रक्तदाब आडवं असताना कसाबसा आणि उभी केल्यावर त्याहून खाली.

पुस्तकात असं काहीतरी वाचल्याचं आठवत होतं, पण खात्री नव्हती. म्हणून मी तिला मुंबईला माझ्या जुन्या प्रोफेसरांकडे घेऊन गेलो. सरांनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. लागलीच घंटा वाजवून पोरांना गोळा केलं. पांढऱ्या कोटातली ती जत्रा हौसाभोवती जमली आणि सर इंग्रजीत बोलू लागले. असं दुर्मिळ उदाहरण आपण भाग्यवान असाल तर आयुष्यात एकदा पाहाल, असा एकंदर आशय होता. ज्या बाईमुळे हे भाग्य उजळलं होतं ती कुडकुडत होती आणि तिला शाल द्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

ती मला हळूच म्हणाली, "ते काय म्हनतात?"

"म्हणतात, तुला आळस नाही. आजार आहे."

तिनं पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला. मग म्हणाली, "आसं आत्यास्नी सांगाल का तुमी?" आत्या म्हणजे तिची सासू. बरी होईन का, हे तिनं विचारलंच नाही.

आजार काय होता ते सांगतो. डोक्यात, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. पिट्युटरी. ती स्वतः फारसं काम करत नाही, दुसऱ्यांना कामाला लावते. आमच्या घाटातल्या रेल्वेच्या गँगवर मुकादम असतो तशी. गळ्यातल्या थायरॉइडला हाकारणं, मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल नावाच्या दोन ग्रंथींना हाकारणं, पाळी, दूध, सगळी हजेरी तिच्याकडे. बाळंतपणात रक्त फार गेलं की कधी कधी हा मुकादमच मरतो. मजूर जिवंत असतात, पण हाकारणारं कुणी नाही म्हणून जागच्या जागी बसून राहतात. हौसाच्या अंगात हे झालं होतं आणि गाव तिला आळशी म्हणत होतं.

यात एक मोठी गोम आहे. थायरॉइडची गोळी दिली की थंड पडलेली चूल पेटते, बाई हिंडूफिरू लागते, सगळ्यांना आनंद होतो. पण संकटात अंग तोलून धरायचं काम ॲड्रिनलचं. ती झोपलेली असताना चूल धडधडून पेटवली तर घालायला लाकूड नसतं आणि माणूस कोसळतो. आधी ॲड्रिनलची सोय, मग थायरॉइड, हा क्रम. आज त्या दुसऱ्या ग्रंथीचंही औषध गोळीत मिळतं. तेव्हा गुरांच्या ग्रंथींचा अर्क इंजेक्शनात यायचा, तोही बोट लागली तर. सरांनी मला दोन ॲम्प्युल काढून दिल्या आणि म्हणाले, "या वाईट दिवसासाठी ठेव. एरवी मीठ, गूळ, खाणं आणि विश्रांती. थायरॉइड गोळीचा चौथा भाग. घाई केलीस तर पेशंट तुझ्या हातात राहणार नाही."

माझा पुतण्या पुण्यात डॉक्टर आहे. तो सांगतो, "काका, हल्ली रक्ताची एक तपासणी निघाली आहे. मुकादम किती ओरडतोय ते तिच्यात मोजता येतं. ओरडा वाढला तर गोळी वाढवायची, ओरडा कमी तर गोळी कमी." उत्तम आहे. पण जिथे मुकादमच मेलाय तिथे ओरडणार कोण? तपासणी म्हणणार, सगळं शांत आहे, काम झकास चाललंय, गोळी कमी करा. अशा पेशंटच्या बाबतीत मजुरांचीच विचारपूस करावी लागते. आमच्या वेळी ना मुकादमाला विचारायची सोय होती, ना मजुरांना. मी सरळ बाईला विचारायचो.

कशेळ्याच्या बाजारादिवशी मी एका वाण्याच्या पडवीत बसायचो. हौसा तिथे यायची. नाडी बघायची, रक्तदाब आडवं आणि उभं करून घ्यायचा, टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारून उडालेलं पाऊल किती सावकाश परत येतं ते पाहायचं. आणि मग विचारायचं, "हौसा, चुलीपासून किती लांब बसलीस या आठवड्यात?" याच्याइतकी भरवशाची तपासणी मला दुसरी सापडली नाही.

सुरुवातीला गोळी नाहीच. नुसती मीठ घातलेली पेज, गूळ, अंडी. ठकूकाकी खवळली. "आळशाला वर आंडी?" मी तिला म्हटलं, "काकी, हिला आळस नाही. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरनं सांगितलंय." ठकूकाकी म्हणाली, "त्याला काय जातंय सांगाया. त्याची सून कामाला जात आसंल." मात्र गोळी मेंढीच्या गाठीची आहे हे कळल्यावर तिचा थोडा विश्वास बसला. "मंग येईल ताकद," म्हणाली. शेठाणीबाईंनी जे ऐकून बाटली लोटली, तेच ऐकून ठकूकाकीनं हात पुढे केला.

मग ब्लेडनं गोळीचे चार तुकडे करून एकेक तुकडा सुरू केला. होळीपर्यंत हौसा चुलीपासून उठून ओटीवर आली. पुढे अर्ध्या गोळीवर नेली, तेव्हा आवाज सुटला. एका बाजाराला ती स्वतः चालत आली आणि वाण्याशी गुळाच्या भावावरून भांडली. मी वाण्याला म्हटलं, भांडू दे तिला. धर्माला मी सांगून टाकलं की बायको बरी होतेय. तो म्हणाला, "आवनीपत्तुर बघतो." म्हणजे भाताच्या लावणीपर्यंत. पोरगी शिळफाट्याला अजून राखून ठेवलेली होती.

गावाला मात्र जे समजायचं ते समजलं. डॉक्टरकडे आळसावर गोळी आहे. पुढच्या बाजाराला वाण्याच्या पडवीत सासवांची रांग लागली. एकेकीचं गाऱ्हाणं ऐकून माझ्या नाकी नऊ आले. एकीची सून दुपारी पडते, एकीची माहेराहून लवकर येत नाही, एकीची नुसतीच उलट बोलते. "आमालाबी ती कामाची गोळी द्या, डागदर." मी विचारायचो, चुलीपुढे बसते का, केस गळतात का, पाळी थांबली का. "ते काय नाय. तिला काम नको हाय." एक तरुण सून हळूच मागे थांबली आणि म्हणाली, "बापयांला चालती का ती?" मी म्हटलं, बाई, बाप्यांच्या आळसावर अजून विलायतेतसुद्धा औषध निघालेलं नाही. ती म्हणाली, "वाटलंच मला."

आता आवणीचं सांगायला हवं. आमच्याकडे भाताची आवणी सावडीनं होते. आज तुमच्या घरचे हात माझ्या शेतात, उद्या माझ्या घरचे तुमच्या शेतात. मजुरीचा प्रश्न नाही, हाताला हात. बाया ओळीनं वाकून चिखलात रोप लावत जातात आणि प्रत्येकीची आपापली पात असते. जिचा हात मंद तिची पात रखडते आणि सगळी ओळ तिच्यासाठी खोळंबते. चार वर्षं हौसाची पात रखडत होती. बाया तोंडावर बोलत नसत, पण ठकूकाकीच्या शेताची पाळी शेवटी लावत. रोप मोठं होऊन वाकायचं तरी हात मिळायचे नाहीत. घरी आल्यावर ठकूकाकीच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो हौसा निजेपर्यंत.

पावसात ओढ्यांना पाणी आलं की मला कशेळ्याला जाता यायचं नाही. म्हणून लांबच्या पेशंटांना मी पावसाळ्याचं औषध आगाऊ देऊन ठेवायचो. हौसालाही दिलं, गोळ्यांची बाटलीच. रोज अर्धी, त्याच्यावर नाही, आवणीला जायचं नाही, हे तिला सांगितलं, धर्माला सांगितलं आणि ठकूकाकीला दोनदा सांगितलं.

आषाढात एका सकाळी त्या गावचा एक जण निथळत दवाखान्यात आला. "डागदर, चला. हौसा पात टाकून पडली. वकती आनि डोळं फिरवती."

सायकल पहिल्या ओढ्यापर्यंत उपयोगी पडली. पुढे बॅग डोक्यावर घेऊन चालत गेलो. पोचलो तेव्हा हौसा घराच्या पडवीत घोंगडीवर होती, चिखलाच्या पायांनी. अंग गार, नाडी सुतासारखी, रक्तदाब यंत्राला लागेना. सरांचा वाईट दिवस तो हाच. शिरेत ग्लुकोज सोडलं, दोन्ही ॲम्प्युल दिल्या, आणि शुद्धीवर येईल तशी मीठ-गुळाच्या पाण्याची चमच्या चमच्यानं धार धरली. मला भीती वाटत होती आणि ती लपवायला मी सगळ्यांवर खेकसत होतो. पडवीसमोर अख्खं गाव छत्र्या आणि इरली घेऊन उभं. आवणी थांबली होती, कारण असं रोज बघायला मिळत नाही.

दुपार कलली तेव्हा नाडी भरली. मी गोळ्यांची बाटली मागितली. दसऱ्यापर्यंत पुरायची ती तळाला आली होती.

"कुणी दिल्या हिला एवढ्या गोळ्या?" मी विचारलं.

गावानं उत्तर द्यायला अजिबात वेळ घेतला नाही. चार वर्षं जे हौसाला आळशी म्हणत होते त्यांनाच आता कळवळा आला. "म्हातारीनंच दिल्या आसनार. कामाला लावाया." "सुनंला खाल्ली हिनं." आळसावरची गोळी मागायला ज्या सासवा माझ्याकडे रांगेत उभ्या होत्या त्या सगळ्यांत पुढे होत्या.

ठकूकाकी पडवीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. धर्मा तिच्या अंगावर धावला. "आये, तू दिल्यास?"

तिनं एकदा हौसाकडे पाहिलं. मग म्हणाली, "व्हय. मीच दिल्या. सावडीला हात कमी पडत व्हता."

पुढे जे व्हायचं ते झालं. धर्मा आईला वाटेल ते बोलला. पोलीस पाटलानं बाईमाणूस आहे म्हणून सोडून देतो असं ठणकावून सांगितलं, जणू सोडून देण्यापलीकडे त्याला आणखी काही सुचलं होतं. आणि धर्मा हौसाच्या उशाशी बसला, तिच्या कपाळावरून हात फिरवत. जो दिवाळीनंतर तिला घालवायला शब्द मागत होता तो रडत होता. "माज्या बायकोला मारली आसती हिनं," असं येईल त्याला सांगत होता. माझी बायको, हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

पाऊस वाढला म्हणून मी तिथेच मुक्काम केला. सकाळी हौसानं पेज घेतली. धर्मा गोठ्यात गेला तशी तिनं मला जवळ बोलावलं.

"डागदर, आत्यांनी नाय दिल्या. मी खाल्ल्या."

"का गं?"

ती रडत नव्हती. सांगत होती. "अर्दी खाल्ली तर चालाया लागले. म्हनलं, जास्ती खाल्ली तर पात बी निगंल. निगाली वो. पयल्या दिशी माजी पात सगळ्यांच्या फुडं व्हती. बाया बगत ऱ्हायल्या. यक बी आळशी बोलली नाय. मंग रोज जास्ती जास्ती खात गेले."

रागावणार होतो, पण राग आलाच नाही. मी उठून मागल्या दारी गेलो. ठकूकाकी पडत्या पावसात भांडी घासत होती. आदल्या दुपारपासून घरातलं कुणी तिच्याशी बोललं नव्हतं.

मी म्हटलं, "काकी, तुम्ही खोटं का बोललात?"

तिनं वर पाहिलं नाही. "तिनं खाल्ल्या म्हनले आसते तर धर्मा आजच शिळफाट्याला गेला आसता. जी सोताच्या हातानं मराया बगती तिला कोन ठेवतंय घरात? मला म्हातारीला कोन काडनार हाय?"

"पण सगळं गाव तुम्हांला..."

"डागदर," ती म्हणाली, "चार वर्सं मीच तिला आळशी म्हनत व्हते. तुमी आजार हाय म्हनलात तरी म्हनत व्हते. त्या गोळ्या तिनं माज्या तोंडापायी खाल्ल्या. मंग मी दिल्या म्हनले, त्यात खोटं काय?"

आणि हंडा पालथा घालून घासू लागली. गावात खरं सांगू का, असं मी विचारलं तर तिनं राखेचा हात नुसता हलवला, नको म्हणून. मग म्हणाली, "गोळ्या आता माज्याकडं द्या. मी देईन तिला रोज, अर्दी."

गोळ्या ठकूकाकीच्या कनवटीला गेल्या. गाव म्हणायचं, बघा, विष देणारीच्याच हातात औषध, डॉक्टरला अक्कल नाही. मीही ते ऐकून घेतलं. हौसा पुन्हा अर्ध्या गोळीवर राहिली. तिचा सावडीचा हात ठकूकाकीनं स्वतः भरला, म्हातारपणी, ज्या बाया तिच्याशी बोलत नव्हत्या त्यांच्या ओळीत वाकून. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी दुसऱ्या ग्रंथीची गोळी मुंबईत मिळू लागली. ती आधी सुरू करून मग मी थायरॉइड पुऱ्या एका गोळीवर नेलं. मूल काही झालं नाही. पण शिळफाट्याच्या पोरीचं लग्न दुसरीकडे झालं आणि धर्मानं पुन्हा तो विषय काढला नाही. आईशी मात्र तो शेवटपर्यंत धड बोलला नाही.

ठकूकाकी गेली तेव्हा मी भेटायला गेलो. हौसा ऊर फुटेस्तोवर रडत होती. बाया तिला धरून बसल्या होत्या आणि त्या सगळ्यांसमोर तिनं सांगून टाकलं, की गोळ्या मी खाल्ल्या होत्या, आत्यांनी नाही दिल्या, माझ्यासाठी त्यांनी जन्मभर बोल घेतला. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. एकीनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "काय गुनाची सून हाय बगा. आजून सासूवर पांगरून घालती."

मी मध्ये पडलो. म्हटलं, ती सांगतेय ते खरं आहे, मला तेव्हाच ठाऊक होतं. तर एक म्हातारा म्हणाला, "डागदर जुनं मानूस. गेलेल्याला नाव ठेवनार नाय."

मी निघालो तेव्हा हौसा अंगणापर्यंत आली. म्हणाली, "जाऊ द्या, डागदर. मी आजारी हाय म्हनत व्हते, तवाबी कोनाला पटलं नव्हतं."